विशेष शाळा सुटल्यानंतरचा मोकळा वेळ

पारोळा तालुक्यातील एका आईने विचारलेला प्रश्न असा आहे. त्यांचा मुलगा 20 वर्षांचा असून त्याला मध्यम स्वरूपाची बौद्धिक दिव्यांगता आहे. वयाची 18 वर्षे पूर्ण झाल्यावर विशेष शाळा सुटली आणि तेव्हापासून तो घरीच असतो. कापूस वेचणीच्या दिवसांत आईवडील सकाळीच शेतात जातात आणि घरी फक्त त्याची आजी राहते. मुलगा दिवसभर मोबाइल पाहतो, नाहीतर सारखे काही खायला मागतो, आणि आई केव्हा येणार हा एकच प्रश्न आजीला पुन:पुन्हा विचारतो. मोबाइल काढून घेतला तर वस्तू फेकतो. त्याला कशात तरी गुंतवून ठेवा, असे नातेवाइकांचे म्हणणे आहे. मोकळा वेळ कसा घालवावा हे अशा तरुणाला शिकवता येते का, आणि घरात ते कोणी व कसे करावे?

ताई, शिकवता येते. बौद्धिक दिव्यांग मुलांना आणि तरुणांना शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि अंघोळ, कपडे, जेवण ही कौशल्ये आपण जितक्या चिकाटीने शिकवतो तितक्याच चिकाटीने हेही शिकवले तर ते येते, असे मी खात्रीने सांगू शकते. अडचण अशी की ते शिकवावे लागते, हेच बहुतेकांच्या लक्षात येत नाही. इतर मुले रिकामा वेळ कसा घालवायचा हे गल्लीत, मित्रांत, पाहून पाहून शिकतात. तुमच्या मुलाला पाहून शिकणे अवघड जाते, आणि गल्लीतल्या मुलांबरोबर राहण्याची संधीही त्याला फारशी मिळालेली नसते.

शाळेत तो दिवसभर शांत राहत होता, मग घरीच असे का, असा प्रश्न पालक मला नेहमी विचारतात. मोकळा वेळ हाताळण्यासाठी माणसाला काय करायचे ते ठरवावे लागते, ते स्वतः सुरू करावे लागते, काही काळ त्यात रमावे लागते, आणि ते संपवून दुसरीकडे वळावे लागते. शाळेत यांतले फक्त रमण्याचे काम विद्यार्थ्याकडे असते. काय करायचे ते वेळापत्रक ठरवते, सुरुवात शिक्षक करून देतात आणि शेवट घंटा करते. वयाच्या अठराव्या वर्षी हे तिन्ही आधार एकाच दिवशी निघून जातात. त्यामुळे मुलगा बिघडला किंवा आळशी झाला असा निष्कर्ष कृपया काढू नका. सारखे खाणे आणि तोच तो प्रश्न विचारणे ही बहुतेक वेळा ‘आता मी काय करू’ हे सांगता न येण्याची लक्षणे असतात.

बहुतेक वेळा असे मी म्हटले, कारण आधी एक गोष्ट तपासून घ्यावी लागते. दातदुखी, बद्धकोष्ठता, अपुरी झोप यांमुळेही चिडचिड वाढते आणि ज्याला नीट सांगता येत नाही तो वस्तू फेकून सांगतो. फिट येत असेल तर तिच्या काही औषधांनी गुंगी किंवा चिडचिड होऊ शकते. डाउन सिंड्रोम असल्यास थायरॉइडची तपासणी वेळोवेळी करणे आवश्यकच आहे. गोळ्या स्वतःहून कमी-जास्त करू नका. डॉक्टरांना दाखवा आणि मग पुढच्या कामाला लागा.

आता नातेवाइकांच्या सल्ल्याविषयी. ‘गुंतवून ठेवा’ या सल्ल्यामागचा हेतू चांगला असला तरी त्यात ठेवणारा दुसराच कोणी असतो. शेंगा फोडायला बसवले, गुरांना पाणी पाजायला लावले, अंगण झाडायला सांगितले, तर दोन तास जातात हे खरे; पण ते काम आहे. घरकामात त्याचा वाटा असायलाच हवा, त्याबद्दल दुमत नाही. पण ज्याला नकार देता येत नाही त्याला विरंगुळा म्हणता येणार नाही. आपल्या घरांत असा तरुण सांगकाम्या होतो. कोणी काही सांगितले की उठतो, सांगणारा नसला की बसून राहतो, आणि घरच्यांना वाटते की त्याला काही आवडतच नाही. नकार द्यायला शिकवणे हा या शिक्षणाचा पहिला भाग आहे. समोर ठेवलेली वस्तू त्याने हाताने बाजूला सारली, तर ‘बरं, हे नको’ असे म्हणून ती खरोखर उचलून घ्या. नकार मानला जातो हे कळल्याशिवाय त्याच्या होकाराला अर्थ येत नाही. आणि फेकाफेक कमी करण्याचाही हाच सर्वांत सरळ मार्ग आहे, कारण नको असलेली गोष्ट थांबवण्यासाठी मग त्याला वस्तू फेकावी लागत नाही.

ओट्यावर बसून रस्ता पाहत राहणे हेदेखील विरंगुळ्यातच धरावे. खान्देशातील निम्मी म्हातारी माणसे संध्याकाळी तेच करतात आणि त्यांना कोणी उपचाराला पाठवत नाही. फरक इतकाच पाहायचा की त्याला उठावेसे वाटले तर उठून दुसरे काही करता येते की नाही.

त्याला काय आवडते हे शोधताना ‘तुला काय आवडतं?’ असे विचारून भागत नाही. बौद्धिक दिव्यांग व्यक्ती विचारणाऱ्याला बरे वाटावे म्हणून ‘हो’ म्हणतात, किंवा दोन पर्याय सांगितले तर शेवटी ऐकलेला शब्द उच्चारतात. म्हणून शब्दांऐवजी वस्तू वापरा. एक आठवडा नुसते पाहा: कोणी काही सांगत नसताना तो कुठे जातो, कशाला हात लावतो, कोणत्या आवाजाला मान वळवतो. त्यानंतर दोन खऱ्या वस्तू त्याच्यासमोर ठेवा, उदाहरणार्थ डफली आणि चित्रांचे पुस्तक, आणि काही न बोलता थांबा. पुढच्या वेळी वस्तूंच्या जागा अदलाबदल करा, कारण काही जण नेहमी उजव्या हाताकडचीच वस्तू उचलतात. उचललेल्या वस्तूजवळ तो किती वेळ थांबला हे उचलण्यापेक्षा महत्त्वाचे असते.

या शोधात वयाचा प्रश्न येतोच. अनेक घरांत विशीतल्या तरुणाच्या हातात अजून खुळखुळा किंवा बालगीतांचे पुस्तक असते. ते पाहून शेजारचे त्याला बाळ समजतात आणि त्याच्याशी तसेच वागतात. समवयस्क मुले तर जवळही येत नाहीत. मात्र आवडीची वस्तू हिसकावून घेणे योग्य नाही. तिच्यातले नेमके काय आवडते ते ओळखून तेच गुण असलेली मोठ्या माणसाची गोष्ट शेजारी ठेवावी. आवाज आवडत असेल तर टाळ, मंजिरी, डफ. ओवण्याची क्रिया आवडत असेल तर मण्यांऐवजी झेंडूची माळ किंवा दाराचे तोरण. पाण्यात हात घालणे आवडत असेल तर झाडांना झारीने पाणी देणे. घरात एकटा असताना त्याला कार्टूनच पाहावेसे वाटले, तर पाहू द्यावे. घरोघरी मोठी माणसेसुद्धा ते पाहतात.

यातून सुरुवातीला एकच गोष्ट निवडा आणि ती टप्पे पाडून शिकवा. समजा त्याला गाणी आवडतात आणि घरात मेमरी कार्डवर चालणारा छोटा स्पीकर आहे. फळीवरून स्पीकर काढणे, सतरंजीवर आणून ठेवणे, बटण दाबणे, गाणे नको असेल तर पुढचे लावणे, आवाज खुणेच्या रेषेपर्यंतच ठेवणे, ऐकणे, बंद करणे, परत फळीवर ठेवणे, असे टप्पे पडतात. यांतले कोणते त्याला आज येतात ते मदत न करता पाहा आणि न येणाऱ्या टप्प्यालाच मदत द्या. मदत द्यायची ती समोरून बोलून नव्हे, तर मागे उभे राहून हाताला हलका आधार देऊन. मग केवळ कोपराला स्पर्श करून. मग बोटाने दाखवून. आणि शेवटी काहीही न करता, मनात पाच आकडे मोजत थांबून. तोंडी सूचना सर्वांत सोपी वाटते, परंतु ती काढून घेणे सर्वांत कठीण जाते. ‘आता बटण दाब, आता आवाज कमी कर’ असे कोणी म्हणेपर्यंत पुढे न सरकणारे तरुण मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांना तशी सवय लावणारे आपणच शिकवणारे असतो. काही कामांत शेवटचा टप्पा आधी शिकवलेला बरा. चित्राचे तुकडे जोडायचे असतील तर बाकीचे आपण जोडून द्यावेत आणि शेवटचा तुकडा त्याने बसवावा. पुढे शेवटचे दोन, मग तीन. प्रत्येक वेळी काम पूर्ण झाल्याचा आनंद त्याच्या वाट्याला येतो. माळ ओवण्यातही शेवटची गाठ त्याच्या हातून बसवून घ्या.

एक गोष्ट जमू लागली की दुसरी घ्या, पण वेगळ्या जातीची. एक एकट्याने करण्याची, एक दुसऱ्या कोणाबरोबर करण्याची आणि एक घराबाहेरची, अशा तीन हाताशी असल्या तर पहिले वर्ष चांगले गेले असे समजा. वीज गेल्यावरही करता येईल अशी निदान एक त्यांत असायलाच हवी. भारनियमनाच्या वेळी टीव्ही आणि स्पीकर दोन्ही बंद पडतात, आणि नेमक्या त्याच वेळी चिडचिड वाढल्याच्या तक्रारी माझ्याकडे जास्त येतात. तसेच ऋतूचा विचार करा. मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडे पारा 44-45 अंशांवर जातो. तेव्हा बाहेरची गोष्ट सकाळी आठच्या आत किंवा दिवस मावळल्यावरच ठेवावी लागते, आणि दुपारचा लांबलचक वेळ हाच खरा कसोटीचा वेळ ठरतो.

निवड शिकवण्यासाठी घरात एक दोरी बांधा. त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर भिंतीला सुतळी लावून तिला कपड्यांचे चिमटे अडकवा आणि त्या चिमट्यांना त्याच्याच वस्तूंचे फोटो लावा. छापील पुस्तकातली चित्रे नकोत, कारण चित्रातला कॅरम बोर्ड आणि आपल्या घरातला कॅरम बोर्ड एकच आहे हे जुळवणे त्याला कठीण जाते. मोबाइलवर फोटो काढून तालुक्याच्या गावी छापून घेतले की काम होते. पहिले काही आठवडे दोनच फोटो ठेवा. त्याने एक काढून हातात घ्यायचा, वस्तूजवळ जायचे, आणि झाल्यावर फोटो खाली ठेवलेल्या डब्यात टाकायचा. डब्यात फोटो पडला म्हणजे ती गोष्ट संपली, हे त्याला घड्याळापेक्षा लवकर कळते. दोन फोटोंतून निवड सहज होऊ लागली की तिसरा लावा. त्यानंतर ‘आधी हे, मग ते’ अशी दोन फोटोंची जोडी लावायला शिकवता येते आणि हळूहळू सबंध दुपार तो स्वतः मांडू लागतो. आई केव्हा येणार या प्रश्नाचे उत्तरही याच दोरीवर द्या: तुमचा फोटो सर्वांत शेवटच्या चिमट्याला लावा. आपल्यामध्ये आणि त्या फोटोमध्ये किती गोष्टी उरल्या, हे त्याला दिसू लागते.

आजींना हे झेपेल का, याची चिंता प्रश्नात आहे आणि ती योग्यच आहे. शिकवण्याचे काम आजींकडे देऊ नका. ते तुम्ही, त्याच्या वडिलांनी किंवा एखाद्या चुलत भावंडाने संध्याकाळी वीस-पंचवीस मिनिटे करायचे. आजींनी दुपारी तो रिकामा फिरू लागला की दोरीकडे बोट दाखवून ‘आते काय करशी?’ एवढेच म्हणायचे आणि गप्प राहायचे. हा प्रश्न घरच्या बोलीतच असू द्या. शाळेत प्रमाण मराठीत शिकलेल्या सूचना अहिराणी बोलणाऱ्या घरात येऊन निकामी होतात. सातपुड्यातल्या पावरी किंवा भिली बोलणाऱ्या घरांत हे अंतर आणखी मोठे असते. घरातल्या सगळ्यांनी एकच वाक्य, त्याच शब्दांत वापरावे. आजींना एकच गोष्ट आवर्जून सांगावी लागेल, ती म्हणजे तो काही मागू लागला की लगेच हातात खाऊ न देणे. नातवावरच्या मायेने ते सर्वांत कठीण जाते, हे मला ठाऊक आहे.

मोबाइल काढून घेऊ नका आणि मोकळाही सोडू नका. दोरीवरच्या इतर प्रत्येक गोष्टीला स्वतःचा शेवट आहे. माळ पूर्ण होते, सोंगट्या संपतात, झारीतले पाणी संपते. मोबाइलवरचा व्हिडिओ मात्र संपताच दुसरा आपोआप सुरू होतो, आणि ज्याला मुळातच थांबणे जड जाते त्याच्यासाठी यासारखी वाईट रचना नाही. म्हणून मोबाइललाही शेवट द्या. त्याच्या आवडीचे तीन-चार व्हिडिओ उतरवून ठेवा, इंटरनेट बंद करा, आपोआप पुढे जाण्याची सोय बंद करा आणि इतर फोटोंप्रमाणेच मोबाइलचाही एक फोटो दोरीवर लावा. संपल्यावर मोबाइल चार्जिंगच्या जागी नेऊन ठेवणे हा शेवटचा टप्पा. पहिले आठ-दहा दिवस आरडाओरडा वाढेल. त्या काळात मोबाइलनंतर लगेच त्याची सर्वांत आवडती दुसरी गोष्ट ठेवा. मोबाइलनंतर अंघोळ किंवा अंगण झाडणे ठेवाल तर तो सोडणारच नाही. ज्या मोबाइलवरून पैशांचे व्यवहार होतात तो त्याच्या हाती देऊ नये, आणि अनोळखी व्हिडिओ कॉल न उचलणे हेही त्याला एक टप्पा म्हणूनच शिकवावे.

एका गोष्टीबद्दल पालक संकोचाने विचारत नाहीत, म्हणून मीच सांगते. तुमचा मुलगा तरुण पुरुष आहे, आणि रिकाम्या वेळात स्वतःच्या शरीराकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. त्याबद्दल मारू किंवा लाजवू नये. हे एकांतातले आहे, खोलीचे किंवा मोरीचे दार लावून असते, ओट्यावर किंवा पाहुण्यांसमोर नसते, एवढे जागेचे भान शांतपणे आणि ठामपणे शिकवावे. इतर गोष्टी भरपूर असल्या की याचे प्रमाणही आपोआप मर्यादेत राहते.

घराबाहेरच्या गोष्टीत सर्वांत मोठी गरज समवयस्क सोबत्याची असते. विशीतला तरुण सगळीकडे आईचे बोट धरून गेला, तर त्याला तिथे स्वतःची अशी जागा मिळत नाही. चुलत भाऊ, शेजारचा महाविद्यालयात जाणारा मुलगा, कोणीतरी आठवड्यातून एक तास द्यायला तयार होतो. मात्र त्याला नेमके काय करायचे ते सांगून ठेवावे लागते, नाहीतर दोघेही बसून मोबाइल पाहतात. आपल्याकडे संधी कमी नाहीत. आठवडे बाजारात ठरलेल्या दुकानातून ठरलेली एक वस्तू घेऊन चहा पिऊन येणे, भजनी मंडळात टाळ घेऊन बसणे, तालमीत थोडा व्यायाम करणे, हे सगळे गावात उपलब्ध आहे. सगळे टप्पे त्याला येण्याची वाट पाहू नये. हिवाळ्यात शेतात भरीत करायला मंडळी जमतात तेव्हा पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या) जाळावर वांगी भाजणे त्याला झेपणार नाही, पण भाजलेली वांगी बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचण्याचे काम तो करू शकतो, आणि ते त्याचे ठरलेले काम झाले की पुढच्या वेळी लोक त्याला बोलावतात. याउलट, क्रिकेटमध्ये त्याला फक्त नाल्यातला चेंडू आणायला पाठवत असतील, तर त्याला सहभाग म्हणू नये. एक षटक तरी त्याच्या वाट्याला येते का, हे पाहायला हवे.

सणांच्या वेळी गर्दीचा आणि आवाजाचा विचार आधी करा. कानबाईच्या रात्री किंवा गणपतीच्या मिरवणुकीत डीजेचा आवाज काही जणांना, विशेषतः स्वमग्न तरुणांना, अक्षरशः सोसत नाही. अशा वेळी मिरवणूक निघण्यापूर्वी तासभर देवाजवळ बसून येणे पुरेसे असते.

हे सारे मुलाविषयी लिहिले, पण ज्यांच्या घरी अशी मुलगी आहे त्यांच्यासाठी थोडे वेगळे सांगणे भाग आहे. भीतीपोटी मुलींना घराबाहेर जवळजवळ नेलेच जात नाही, आणि ‘ती घरात मदत करते’ म्हणून तिच्या विरंगुळ्याचा प्रश्न कोणी काढतही नाही. भीती निराधार नाही. पण आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरवाशिणी झोका बांधतात, गाणी म्हणतात, तेव्हा आपली मुलगी खिडकीत उभी राहून पाहते असे होऊ नये. ओळखीच्या बायकांत, दिवसाउजेडी, ठरलेल्या दोघींच्या सोबतीने झोका खेळणे हे तिच्यासाठी सुरक्षितही आहे आणि वर्षभर लक्षात राहण्यासारखेही. कोणाचा स्पर्श चालतो आणि कोणाचा नाही, हे तिला आणि मुलालाही बाहेर नेण्याआधीपासून शिकवत राहावे.

कायदा तुमच्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 याच्या कलम 29 नुसार सांस्कृतिक जीवन आणि मनोरंजन यांसाठी शासनाने आणि स्थानिक संस्थांनी, तर कलम 30 नुसार खेळांसाठी शासनाने उपाययोजना करायच्या आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्कांच्या ज्या कराराला भारताने 2007 मध्ये मान्यता दिली, त्याच्या अनुच्छेद 30 मध्येही हेच आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. बहुतेक ठिकाणी तो थोड्याथोड्या रकमांत वाटून संपतो. ग्रामसभेत दोन-चार पालकांनी मिळून समाजमंदिरात कॅरम, ढोलकी, टाळ आणि आठवड्यातून एक ठरलेली संध्याकाळ मागितली तर ती मागणी गैर नाही. खेळाची आवड असेल तर मुलाच्या जुन्या विशेष शाळेत स्पेशल ऑलिम्पिक्स भारतच्या सरावाविषयी चौकशी करा. 1968 मध्ये शिकागोत पहिल्या स्पर्धा झालेली ही चळवळ खास बौद्धिक दिव्यांगांसाठी आहे, तिच्यात भाग घेण्याला वयाची वरची मर्यादा नाही, आणि काही खेळांत दिव्यांग व इतर खेळाडू एकाच संघात खेळतात. शाळा सुटली म्हणून मैदान सुटत नाही, हे अनेक पालकांना माहीतच नसते.

शेवटी नोंदीविषयी. एक वही करा आणि तिच्यात दररोज एकच गोष्ट लिहा: आज कोणी न सांगता त्याने स्वतःहून काय सुरू केले. किती वेळ केले, किती छान केले, हे लिहिण्याची गरज नाही. पहिले दोन-तीन आठवडे पाने रिकामी राहतील. घरात लग्न निघाले, तो आजारी पडला किंवा तुम्ही चार दिवस गावाला गेलात तर शिकलेले मागे पडेल. तेव्हा पुन्हा दोन फोटोंपासून सुरू करा, या वेळी ते लवकर जमते. दीड-दोन महिन्यांनंतरही वहीत एकही नोंद नसेल तर निवडलेली गोष्ट बदलून पाहा. ती बदलूनही काही झाले नाही, तर वही घेऊन विशेष शिक्षकांकडे जा आणि घरातला तो वीस मिनिटांचा प्रसंग मोबाइलवर चित्रित करून सोबत न्या. तो नेमका कोणत्या टप्प्यावर थांबतो आणि आपण नेमके कुठे बोलून घाई करतो, हे त्यात सहसा पाच मिनिटांत दिसते.